अर्धी करंगळी

चहा टाकते, म्हणाली एफी बुकन, आणि आत गेली.
स्कॉटलंडच्या त्या गार स्वयंपाकघरात
किटलीला उकळी फुटायला चार मिनिटं लागतात.
मला दीड पुरलं.

शेकोटीवरच्या फळीवर होती चौकट.
पाठीला चार चुका ठोकलेल्या, बारीक, गंजक्या.
नखानं वाकवल्या.
पाचवीचं नंतर सांगतो.

त्या आठवड्यात पाच जण बुडाले होते,
'ब्राइट मॉर्निंग' नावाच्या ट्रॉलरवरचे,
बंदरापासून नऊ मैलांवर.
चार चेहरे मिळाले होते. लाक्लनचा नव्हता.
पान एकवर भोक ठेवता येत नाही, म्हणाला संपादक,
आणि मला गाडीची किल्ली दिली.

फोटोत तो हसतोय, जाळ्यांच्या ढिगावर बसून.
शेजारी आणखी एक पोरगा.
त्याला आम्ही कापला.
सभ्यपणानं कापला, असं तेव्हा वाटलं.
त्याचा हात तेवढा राहिला लाक्लनच्या मानेवर,
अंगठा कानामागे, केसांत,
आणि करंगळी अर्धीच,
बाकीची कधीतरी विंचमध्ये गेलेली.

अर्ध्या करंगळीचा माणूस त्या गावात एकच.

बातमीत एक अक्षर खोटं नव्हतं.
हे मी अजून सांगतो, कोणी विचारलं नाही तरी.
शनिवारी अंक आला.
रविवारी चर्चमध्ये फिनलेच्या बाकावर
दुसरं कोणी बसलं नाही.
मंगळवारी त्यानं अ‍ॅबर्डीनची पहिली बस धरली,
एक पिशवी खांद्याला,
दोन्ही हात खिशात.

त्याच महिन्यात माझ्याकडे दुसरी बातमी होती.
सात पत्रं. जहाजमालक ड्यूगिडनं तपासनिसाला लिहिलेली.
तळाचा पत्रा कागदासारखा झालाय
हे ऑक्टोबरातच ठाऊक होतं त्याला.
तीनदा लिहिली मी ती बातमी,
एकेका वाक्याला साक्षीदार बांधून.
रात्री अकराला एडिनबरोहून मनाई हुकूम आला.
पत्रव्यवहार खाजगी आहे, असं वकील म्हणाला होता कोर्टात,
माझ्या अशिलालाही घर आहे, घराला दार आहे,
दाराला कडी आहे.
खरंच होतं ते. पितळेची होती कडी.
एफी बुकनचं दार नुसतं लोटलेलं असायचं.

झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात.
ड्यूगिडच्या मुठीला वकिलानं
त्याहून बराच जास्त आकार लावला असणार.
उघडा हात आम्ही विकला पासष्ट पेन्सला,
हवामान आणि शब्दकोड्यासकट.

स्वातंत्र्य हा शब्द मी पुष्कळ वापरलाय.
भाषणांत, जेवणानंतर, एकदा बक्षीस घेताना.
ती पत्रं छापायला तोच लागला असता.
फळीपाशी उभा होतो तेव्हाही तोच होता ओठांवर,
आत पाण्याचा आवाज ऐकत.
शब्दाला काय, कुणीही न्यावं.

अकरा वर्षांनी फोटो परत घेऊन गेलो.
कापलेला नव्हे, अख्खा, दोघांचा.
फळीवर चौकट तीच.
काचेमागे कोरा पुठ्ठा.
चारही चुका तिनं सरळ करून
परत जागच्या जागी बसवल्या होत्या.

पाकीट उघडलं नाही तिनं. हातानं जोखलं फक्त.
हा फिनलेचा आहे, म्हणाली. मी पोचवीन.
कुठे असतो तो हल्ली, माझ्या तोंडून निघून गेलं.
जुनी खोड.
तिनं माझ्याकडे पाहिलं, पत्रा तपासावा तसं,
आणि पाकीट स्वेटरच्या आत सरकवलं.

बाहेर बोटी लागत होत्या, सीगल ओरडत होते.
मी टोपी उचलली.
चहा घेशील ना, तिनं विचारलं.

घेईन म्हणालो.

मग किटली आत आहे, ती म्हणाली,
खुर्ची फळीपाशी ओढत.
तूच टाक. मी इथे बसते.